कमल, कमळ आणि विंडोज ९८

नागपूरच्या महाल भागात काकांची प्रेस आहे. एक ऑफसेट मशीन, एक स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल, आणि मागच्या खोलीत कूलरच्या तोंडाशी ठेवलेला पेंटियम थ्री. त्यात ६४ एमबी रॅम आणि विंडोज ९८ सेकंड एडिशन. पहिल्यांदा येणारा माणूस ते बघून हसतो. मग काका कॅबिनेट जरा फिरवतात आणि मागच्या प्रिंटर पोर्टात खोचलेलं बोटभर लॉक दाखवतात. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर त्या लॉकशिवाय उघडत नाही आणि नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नाही. व्हर्च्युअल मशीन करून पाहिलं, यूएसबीचं कन्व्हर्टर लावून पाहिलं, लॉक काही ओळख दाखवेना. पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं पेजमेकर ६.५ मध्ये आणि त्याच फॉन्टात. दुसरीकडे फाईल उघडली तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली युरोपातली अक्षरं येतात. त्या काळच्या फॉन्टात मराठी अक्षर असं काही नसायचंच. इंग्रजी अक्षरांच्या खणांत काने, मात्रा, अर्धे न भरून ठेवलेले, खिळ्यांच्या केसमध्ये भरावेत तसे. म्हणून ते मशीन आहे तसंच चालू ठेवायचं, असं घरात ठरलेलं आहे.

भानगड झाली बॅकअपमुळे. काकांचा मुलगा, म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ, व्यवस्थित माणूस आहे. ९८ ची हार्डडिस्क एक दिवस बसणार, या धास्तीने त्याने सगळ्या जुन्या फायली एका लिनक्सच्या लॅपटॉपवर हलवल्या. वर्षं आणि प्रकार पाहून फोल्डर केले, फोल्डरांना आणि फायलींना छान मराठीत नावं दिली, आणि महिन्यामहिन्याचे गठ्ठे बांधले. आधी टार, म्हणजे अनेक फायलींची एकच फाईल, मग झेडस्टँडर्ड, म्हणजे ती दाबून लहान करणं. ९८ वर फक्त चालू सीझनचं काम ठेवलं. मार्चमध्ये एक गिऱ्हाईक आलं. थोरलीची पत्रिका होती तशीच धाकटीची हवी, म्हणून. थोरलीची पत्रिका गठ्ठ्यात, आणि भाऊ त्या दिवशी अमरावतीला. काकांनी मला फोन केला.

“अरे, ते झिप उघडून नाही राहिलं.”

ते झिप नव्हतं, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. झेडस्टँडर्ड यान कोले यांचं, त्याची १.० आवृत्ती फेसबुकने ऑगस्ट २०१६ मध्ये काढली. विंडोज ९८ ला मायक्रोसॉफ्टने जुलै २००६ मध्येच निरोप दिला होता. एकाची दहा श्राद्धं झाली तेव्हा दुसऱ्याचं बारसं झालं. सेव्हन-झिप या गठ्ठे सोडणाऱ्या प्रोग्रॅमची २०१० ची ९.२० आवृत्ती ९८ वर अजून छान चालते, पण सहा वर्षांनी जन्मणाऱ्या गठ्ठ्याची गाठ तिला कशी सुटणार?

भावाला म्हणता आलं असतं की बाबा, साधं गॅझिप कर, ते ९८ वर उघडणारी साधनं ढिगाने आहेत. म्हटलंही. तो म्हणाला, “दादा, सत्तर गठ्ठे आहेत, परत बांधू काय?” बांधता आले असते. एका रात्रीचं काम, तेही लॅपटॉपनेच करायचं. खरं सांगायचं तर खाज मलाच होती. आयटी पार्कातल्या ऑफिसात मी आता कोड लिहीत नाही, कोड लिहिणाऱ्यांच्या मीटिंगा घेतो. सी भाषेला हात लावून पंधरा वर्षं झाली होती. आणि पुढे असं दिसलं की गॅझिप केलं असतं तरी खरं दुखणं जागच्या जागी राहिलं असतं. ते दाबण्या-उलगडण्यात नव्हतंच.

पहिला रविवार वाया गेला. झेडस्टँडर्डचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवला, घरच्या लिनक्सवर नव्या कंपायलरने (कोडचा चालता प्रोग्रॅम करणाऱ्या साधनाने) ३२ बिट विंडोजसाठी बांधला, सीडीवर घातला (९८ ला पेनड्राइव्ह दिला तर ते आधी ड्रायव्हर मागतं) आणि तर्री पोहे खाऊन महालात गेलो. डबल क्लिक केल्यावर एक खिडकी आली. तिच्यात लिहिलं होतं की ही फाईल केर्नेल३२ डीएलएलमधल्या ‘इनिशियलाइझ कंडिशन व्हेरिएबल’ नावाच्या, तिथे नसलेल्या फंक्शनला जोडलेली आहे. हे फंक्शन ९८ च्या कितीतरी नंतरच्या विंडोज व्हिस्टाबरोबर आलं. झेडस्टँडर्ड एकाच वेळी अनेक थ्रेडांत, म्हणजे समांतर धाग्यांत, काम करू शकतं आणि त्या थ्रेडांना एकमेकांची वाट बघायला लावण्यासाठी विंडोजवर ते हेच वापरतं. इथे प्रोसेसर एक, त्याला कसले चार हात? अनेक थ्रेडांची सोय बंद ठेवून परत बांधलं. पुढच्या रविवारी दुसऱ्याच फंक्शनचं नाव आलं. ते काढलं तर तिसरं. तेव्हा लक्षात आलं की ही सगळी नावं माझ्या सोर्समधली नाहीत. नवा कंपायलर स्वतःचं जे सामान प्रत्येक प्रोग्रॅममध्ये भरतो, त्यालाच ९८ ची आठवण राहिलेली नाही.

मग दोन गोष्टी ठरवल्या. कंपायलर जुना घ्यायचा, आणि अख्खं झेडस्टँडर्ड न्यायचं नाही. काकांना गठ्ठे बांधायचे नव्हते, फक्त सोडायचे होते. झेडस्टँडर्डच्या सोर्समध्येच एक छोटी स्क्रिप्ट आहे, ती उलगडण्याचा सगळा भाग गोळा करून एकच सी फाईल तयार करते. तेवढीच घेतली. तिला कामाला लावणारा प्रोग्रॅम मी लिहायचा, गठ्ठ्यातून टार आणि टारमधून फायली काढणारा. कंपायलर म्हणून मिनजीडब्ल्यूचा जुना जीसीसी ३.४.५, तो एक्सपीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवला. झेडस्टँडर्डची लायब्ररी जुन्या वळणाच्या सी भाषेत लिहिलेली आहे, त्यामुळे या म्हाताऱ्यानेही ती बरीचशी मुकाट गिळली. काही फंक्शनांचा कोड ‘बोलावलं त्या जागीच भरला पाहिजे’ अशी सक्ती होती, तिथे मात्र तो अडला. जीसीसीच्या या जातीच्या एररची सुरुवात चक्क ‘सॉरी’ या शब्दाने होते. ऑफिसात इतकं नम्र कोणी नाही. सक्ती काढून टाकली आणि ते पुढे गेलं.

यानंतरची चूक शिकाऊ पोराची होती. लिनक्सवर फाईल उघडताना ‘आर’ लिहा की ‘आरबी’, फरक पडत नाही. विंडोजवर तो ‘बी’ विसरलात तर फाईल मजकुराची आहे असं समजलं जातं. मग लिहिताना प्रत्येक ०ए बाइटच्या, म्हणजे नव्या ओळीच्या खुणेच्या, आधी विंडोजच्या रिवाजाप्रमाणे एक ०डी घुसतो आणि वाचताना १ए हा बाइट भेटला की फाईल संपली असं धरलं जातं. हा १ए सीपी/एम नावाच्या डॉसच्या आधीच्या सिस्टिमकडून आलाय. तिथे फाईलची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांतच मोजत, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला ते सांगायला शेवटी कंट्रोल-झेड ठेवत. दाबलेल्या फाईलमध्ये २५६ पैकी कुठलाही बाइट कुठेही येतो, त्यामुळे माझा प्रोग्रॅम पाचशे-सातशे बाइट वाचून ‘झालं’ म्हणायचा. दोन ‘बी’ घातले आणि एक्सपीत सगळं सुरळीत झालं.

सीडी जाळून जाळून कंटाळलो होतो. ९८ मध्ये नेटवर्क कार्ड होतं, लॅपटॉपवर एफटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फायली देणारा प्रोग्रॅम, टाकला, आणि ९८ च्या काळ्या खिडकीतल्या एफटीपीने गठ्ठा ओढून घेतला. उलगडायला लावला तर डेटा बिघडल्याची तक्रार. एक्सपीत नीट चालणारा तोच प्रोग्रॅम, तोच गठ्ठा. मी परत ‘बी’ शोधत बसलो. ओळ न् ओळ वाचली. काका दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा चहा ठेवून म्हणाले, “काय हरवलं बे?”

“बी, काका.”

त्यांनी खुर्चीखालीही वाकून पाहिलं.

रात्री सहज दोन्हीकडच्या फायलींचा आकार बघितला. लॅपटॉपवर ६२,९०,४१७ बाइट, ९८ वर ६३,१५,०३२. ओढून आणताना फाईल २४,६१५ बाइटांनी जाड झाली होती. मूळ आकाराला २५६ ने भागलं तर २४,५७१ येतात. दाबलेल्या फाईलमध्ये प्रत्येक बाइट साधारण सारख्याच वेळा येतो, म्हणजे दर २५६ मागे एक ०ए, आणि त्या प्रत्येकाच्या आधी कोणीतरी एक ०डी चिकटवला होता. विंडोजचं एफटीपी न सांगितलं तर मजकूर समजूनच फाईल आणतं. आधी ‘बायनरी’ असा हुकूम द्यायचा असतो. एकाच चोराने आधी पुढच्या दारातून आणि मग मागच्या दारातून हात मारला होता, आणि मी पुढच्याच दाराला कुलपं लावत बसलो होतो.

गठ्ठे उघडायला लागले, पण छोटेच. मोठा दिला की हार्डडिस्कचा लाल दिवा लागायचा तो विझायचाच नाही. चाळीस मिनिटं मी कूलरसमोर बसून तो दिवा बघितला आणि मग भावाला फोन केला, गठ्ठा बांधताना कोणता हुकूम देतोस ते विचारलं. ‘अल्ट्रा २२’ म्हणाला. सगळ्यात वरची पायरी, जास्त दाबलं तेवढं चांगलं. आता हे दाबणं म्हणजे काय, तर आपण यादीत ‘वरीलप्रमाणे’ लिहितो ते. लेम्पेल आणि झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही बहुतेक सगळ्यांच्या पोटात आहे. आधी आलेला मजकूर परत आला की तो लिहायचा नाही, ‘इतकं मागे जा, इतके बाइट उतरवून घे’ एवढंच लिहायचं. पण ‘वरीलप्रमाणे’ वाचणाऱ्यापाशी वरचं पान असावं लागतं. किती मागपर्यंतची पानं हाताशी ठेवायची, त्याला विंडो म्हणतात. पायरी १९ ला ती ८ एमबी असते, पायरी २२ ला १२८ एमबी. ज्या मशीनमध्ये सगळी मिळून ६४ एमबी रॅम, त्याला मागची १२८ एमबी पानं हाताशी ठेव म्हटल्यावर ते बिचारं अर्धी पानं डिस्कवर नेऊन ठेवणार, लागली की परत आणणार.

भावाने सत्तरही गठ्ठे सोडून १९ व्या पायरीने परत बांधले. हो, तेच काम, जे करायचं नाही म्हणून हे सगळं सुरू झालं होतं. एका रात्रीत झालं. मी त्यावर काही बोललो नाही, त्यानेही मेहरबानी केली. गठ्ठ्याच्या सुरुवातीलाच विंडोचा आकार लिहिलेला असतो, म्हणून मी १६ एमबीची मर्यादा घातली. त्यापेक्षा मोठा आला तर प्रोग्रॅम हात लावायच्या आधीच इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत सांगतो, ‘गठ्ठा फार मोठा आहे, भाऊला सांगा’. काळ्या खिडकीत देवनागरी येत नाही.

देवनागरी त्या मशीनमध्ये कुठेच येत नाही, हा मुद्दा मी इतके दिवस टाळत होतो.

तिथे पोचायच्या आधी टारने एक हिसका दिला. टार १९७९ च्या युनिक्समधलं. ५१२ बाइटांचा मथळा, मागे फाईल, परत मथळा, परत फाईल. मथळ्यात नावाला १०० बाइट. इंग्रजीत १०० बाइट म्हणजे १०० अक्षरं, चैन आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या लिपी साठवायच्या पद्धतीत, ३ बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे काना-वेलांटी, पाय मोडण्याची खूणही वेगळी. ‘लग्नपत्रिका’ या एका शब्दात अकरा चिन्हं, तेहतीस बाइट. एका फोल्डरच्या नावात नावाची एक तृतीयांश जागा गेली. नाव मावलं नाही की जीएनयूचं टार आधी एक जादा मथळा लिहितं, ‘@लाँगलिंक’ नावाचा, आणि पूर्ण नाव त्याच्या पोटात ठेवतं. मला ते माहीत नव्हतं. पहिल्या खेपेला ‘@लाँगलिंक’ याच नावाची एक फाईल पुन्हा पुन्हा लिहिली गेली आणि तिच्या आजूबाजूला शेवटचं अक्षर अर्ध्यात तुटलेल्या फायली. इंग्रज माणसाला हे कोड वर्षभर वापरूनही दिसलं नसतं. मराठी माणसाला तिसऱ्या फाईलला दिसतं.

आता नावं. एक्सपीत माझा प्रोग्रॅम देवनागरी नावांच्या फायली झकास करत होता, कारण एक्सपी आतून विंडोजच्या एनटी या वेगळ्या घराण्यातलं आहे आणि एनटीला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता, येतं. नाव युनिकोडमध्ये द्यायचं असेल तर विंडोजच्या फंक्शनच्या शेवटी ‘डब्ल्यू’ असतं, जुन्या पद्धतीने द्यायचं तर ‘ए’. ९८ मध्ये ‘क्रिएटफाइल-डब्ल्यू’ आहे, हे विशेष. प्रोग्रॅम कुरकुर न करता सुरू होतो. पण ते भिंतीवर रंगवलेलं दार आहे. ढकललं की १२० क्रमांकाची एरर, म्हणजे ‘हे इथे केलेलं नाही’. ‘ए’चं दार खरं आहे, पण त्यातून कोडपेज १२५२ ची पश्चिम युरोपी अक्षरंच जातात. बाकी सगळ्याचं प्रश्नचिन्ह होतं, आणि फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. पंचवीस वर्षं या मशीनने नागपूरच्या अर्ध्या महालाच्या पत्रिका मराठीत छापल्या आणि त्याला मराठीतला एक ‘क’ नावात ठेवता येत नाही.

म्हणजे नावं रोमन अक्षरांत उतरवणं भाग. त्यासाठी तयार पद्धत आहे, आयट्रान्स. त म्हणजे छोटा टी, ट म्हणजे मोठा टी. ल छोटा एल, ळ मोठा एल. युनिकोडच्या तक्त्यातून तिकडचा तक्ता करायला एक संध्याकाळ पुरली. २००३ च्या मे महिन्याचा गठ्ठा सोडला. टारमध्ये ४१२ फायली, डिस्कवर ४०९.

एरर नाही, तक्रार नाही, तीन फायली गायब. दोन्हीकडच्या याद्या समोरासमोर ठेवून ओळीने टिकमार्क केले. गायब होत्या कमल, काळे आणि गोडे. आणि यादीत होत्या कमळ, काले, गोदे. विंडोजच्या डिस्कला छोटा एल आणि मोठा एल एकच. ‘कमल’ म्हणजे एका मुलीची पत्रिका. ‘कमळ’ म्हणजे कोपऱ्यात कमळं असलेली डिझाईन, गिऱ्हाइकं जिला ‘ती कमळवाली’ म्हणतात. टारमध्ये कमळ नंतर आलं आणि निमूट कमलच्या डोक्यावर बसलं. युनिकोडमध्ये ल आणि ळ शेजारी शेजारी राहतात, ०९३२ आणि ०९३३. तिथे एका घराचं अंतर होतं, ९८ मध्ये तेही गेलं. जुनं पान लॅपटॉपवर होतं म्हणून बरं, नाहीतर ही चूक पुढच्या वर्षी कोणाच्या तरी लग्नात कळली असती.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “त्यात काय चुकलं? काळे अन् काले, दोघंही इंग्रजीत सारखंच लिहितात की. पाकिटावर रोज छापून राहिलो.”

मी आकडे लावले. ट ला टी-दोन, ळ ला एल-दोन. दिसायला घाण, पण गोंधळ नाही, असं मला वाटलं. चार दिवसांनी काकांचा फोन. ‘कमल-दोन’ उघडली तर भलतीच डिझाईन निघाली, गिऱ्हाईक समोर बसलंय. प्रेसमध्ये नावापुढे दोन म्हणजे दुसरं प्रूफ. देशमुख, देशमुख-दोन, देशमुख-तीन. तीस वर्षांची सवय. काकांनी साहजिकच कमलच्या पत्रिकेचं दुरुस्त केलेलं प्रूफ म्हणून ती उघडली होती. इथे चूक माझीच. ज्याच्यासाठी नाव ठेवायचं तो ते कसं वाचतो हे विचारायला हवं होतं, आणि मी घरात बसून तक्ता केला.

तिसऱ्या वेळी काकांना शेजारी बसवलं. त्यांनी खिळे जुळवलेले आहेत, अक्षरं वेगळी ठेवणं त्यांना कोणी शिकवायला नको. ट साठी दोन टी, ड साठी दोन डी, ण साठी दोन एन, ळ साठी एल-एच, असं ठरलं. लगेच ते म्हणाले, “मग पत्ता अन् पटा?” बरोबर होतं, दोन्हींत दोन टी. “अन् कोल्हे? त्यात पण एल-एच.” म्हणून जोडाक्षरात शंका येईल तिथे मध्ये डॅश. शब्दाच्या शेवटचा अ लिहायचा की नाही यावर थोडं वाजलं. लिहिला तर कमल वाचताना कमला होते, आणि कमला नावाचीही एक पत्रिका होतीच. शेवटी अ गाळला, फक्त मित्र, चंद्र अशांना ठेवला. एवढं करूनही त्याच नावाची फाईल आधीच असेल, तर प्रोग्रॅम वर लिहीत नाही. मूळ नावाच्या बाइटांवरून चार अक्षरी शिक्का काढून मागे लावतो. अजून तरी तो कोणाला लागलेला नाही. ‘चि.सौ.कां.’ या फोल्डरच्या शेवटचा टिंब विंडोज आपणहून खातं, त्याने थोडा वेळ घेतला. मी टिंबासकट फोल्डर शोधायचो आणि ते टिंबाशिवाय बसलेलं असायचं.

पुन्हा मोजलं, ४१२ च्या ४१२.

एक किरकोळ गंमत राहिली. बऱ्याच फायलींच्या वेळा आदल्या दिवशीच्या दिसायच्या. टारमधली वेळ जागतिक घड्याळाची, ९८ ती आपल्या टाइमझोनप्रमाणे फिरवून दाखवतं. टाइमझोन उघडून पाहिला तर पॅसिफिक. बसवल्यापासून कोणी बदललाच नव्हता. काट्यांची वेळ बरोबर लावलेली, म्हणून कोणाला पत्ता नाही. प्रेस महालात, घड्याळ कॅलिफोर्नियात.

मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना, काकांनी एकट्याने पहिला गठ्ठा सोडला. डेस्कटॉपवर एक आयकॉन आहे, तो एक बॅच फाईल चालवतो. ती वर्ष आणि महिना विचारते, एफटीपीला आठवणीने ‘बायनरी’ सांगते, गठ्ठा आणते आणि सोडते. मी मागे उभा राहिलो, हात खिशात. काळी खिडकी आली, ओळी पळाल्या, दीड मिनिटात थांबली. माझा प्रोग्रॅम सगळा मिळून शंभर केबीच्या आत आहे.

काकांनी कमलची पत्रिका उघडली. लॉकवाला फॉन्ट लागला, अक्षरं जागच्या जागी बसली. चष्मा कपाळावरून नाकावर आला आणि ते सवयीने वाचायला लागले, बोट स्क्रीनवर ओळीखालून फिरवत. खाली आले आणि बोट थांबलं. ‘समस्त कुटूंबीय’. ट ला दीर्घ ऊकार.

“प्रूफ मीच वाचलं होतं,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता ऊकार ऱ्हस्व केला आणि फाईल सेव्ह केली. “वीस वर्षं झाली, कोणी बोललं नाही. आता हे परत त्या गठ्ठ्यात टाक.”

मी सांगितलं की हा प्रोग्रॅम फक्त सोडतो. बांधायचं काम ९८ वर होत नाही, त्यासाठी भाऊ लागेल.

“म्हणजे अर्धंच झालं की बे,” काका म्हणाले. “बांधायचं कधी करून राहिला?”